अकरा चित्रं, होती तशी

रोल्ला, शारजा
शुक्रवार, ६ ऑक्टोबर २०००

चि. समू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच आईपुढे सरकवशील, हे मला ठाऊक आहे. खुशाल सरकव. तिला मधली मधली वाक्यं मोठ्याने वाचायची सवय आहे. तेवढं कानावर पडलं तरी माझं काम झालं.

आज फोनवर तिने सांगितलं, तुझं ठरलं. मुलगा वेंगुर्ल्याचा, शाळेत गणित शिकवतो, वैशाखातला मुहूर्त. मला इतका आनंद झाला की बूथबाहेर माझ्यामागे ताटकळणाऱ्या एका अनोळखी मल्याळी माणसालाच मी सांगून टाकलं, "भाई, बेटी की शादी है!" त्याने "मुबारक" म्हणून माझा हात दाबला आणि आता जरा लवकर आटपा, असंही सुचवलं.

मग आईने आवाज खाली केला. "चेडू आयकणा नाय," म्हणाली. "तिचा म्हणणा एवढाच. माझी चित्रां होती तशी हाडून देवंदेत, मगे मांडवात येवंदेत."

होती तशी आणून द्यायची, मगच मांडवात यायचं. समू, तीन वर्षं तू माझ्याशी बोलली नाहीस, आणि बोललीस ते हे, तेही दुसऱ्याच्या तोंडून.

आपण एकदा नीट बोलून घेऊ. तू अठरा वर्षांची होतीस, मी दोन महिन्यांच्या सुट्टीवर आलो होतो. मुंबईच्या कलाशाळेत दाखवायला तू वर्षभर खपून पेन्सिलीची अकरा चित्रं काढली होतीस. तू दाखला आणायला दिवसभर कुडाळला गेलीस आणि मी ती टेबलावर पसरली. हात चांगला होता. त्याला मी कधी नाव ठेवलेलं नाही. पण अर्धा अर्धा कागद कोरा! आई मागच्या दारात बसलेली, तर दार निम्मंच. रहाट आहे, दोर नाही. गाईला पाय तीन. परीक्षक काय म्हणाले असते? सावंतवाडीच्या चिताऱ्याची मुलगी आणि काम अर्धवट? मी शाई घेतली आणि दिवस कलायच्या आत अकराही चित्रं पुरी करून ठेवली. आपल्या घरात आजोबांपासूनची रीत आहे, कारखान्यात आलेली वस्तू मोडकी परत जात नाही. कुणी पाट रंगवायला आणला आणि त्याला चीर असली, तर आपण आधी चीर भरतो. विचारत बसत नाही.

बापाने लेकीच्या कामाला हात लावला, एवढाच काय तो गुन्हा. तू एकेक कागद बघितलास, पालथा घातलास आणि मुलाखतीला गेलीच नाहीस. वर ती चित्रं बंबात घालायला निघालीस. म्हणून मी ती बॅगेत टाकून इकडे आणली. खोलीवर माझ्या गादीखाली सपाट ठेवली आहेत.

काळजी करू नको. शाई माझी आहे, तुझी पेन्सिल खाली आहे. वरची शाई काढायची, बस. सात महिने हातात आहेत, आणि असलं काम मला नाही जमणार तर कुणाला जमणार? होती तशी मिळतील.

बाबा


शारजा
शुक्रवार, ३ नोव्हेंबर २०००

समू,

उत्तराची वाट बघितली नाही असं म्हणणार होतो, पण बघितली.

या आठवड्यात एक गंमत झाली. तुला माझं दुकान माहीत नाही. दुकान गनीभाईंचं, रोल्लाच्या मागच्या गल्लीत. ते दापोलीकडचे. आम्ही शाळांच्या ट्रॉफ्या आणि दारावरच्या पितळी पाट्या कोरतो. दोन वर्षांपूर्वी मशीन आलं, आता अक्षरं कॉम्प्युटरवर मारली की ते आपलं आपण कोरतं. मशीनला जमत नाही तेवढं माझ्याकडे येतं, म्हणजे महिन्यातून तीन-चार कामं. बाकीचा वेळ मी ट्रॉफ्या पुसतो. हे आईला मोठ्याने वाचू देऊ नको.

तर मंगळवारी एक इंग्रज बाई आली. सत्तरीची, बुटकी, उन्हाची मोठी टोपी घातलेली. नवरा इथे तेलकंपनीत होता. तो गेला तरी ही इथेच राहिली. तिचे वडील चित्रकार होते. पहिल्या आणि दुसऱ्या लढाईच्या मधल्या वीस वर्षांत तिकडे त्यांचं चांगलं नाव होतं म्हणे. रंगवायचे, लाकडावर कोरायचे, कपबशांवरची नक्षी काढायचे, पुस्तकांची वेष्टनं, भिंतीला लावायचे कागद, सगळं. मी गनीभाईंना म्हटलं, म्हणजे हा आमच्यातलाच, चितारी. ते हसले.

फेब्रुवारीत ती वडिलांच्या कामाचं लहानसं प्रदर्शन भरवणार आहे. त्यात एक लाकडी ठसा उभा ठेवायचा आहे, त्याच्यासाठी तिला स्टँड हवा. ठसा माझ्याकडे ठेवून गेली.

समू, असलं काम मी उभ्या जन्मात हातात घेतलं नव्हतं. तळहाताएवढं पिवळसर लाकूड, दगडासारखं कडक. त्यावर एका लहान स्टेशनातली वेटिंग रूम. बाकडं, वजनकाटा, खिडकीबाहेर बर्फ. माणूस एकही नाही. यात कोरलं ते छापताना पांढरं राहतं आणि न कोरलेल्यावर शाई बसते. म्हणजे हा माणूस काळं काढत बसला नाही, त्याने पांढरं काढलं. बर्फाच्या जागी त्याने इतकं कोरून टाकलं आहे की जवळपास काहीच ठेवलेलं नाही, आणि तरी बघताना थंडी वाजते. मी दुपारच्या सुट्टीत जेवलोच नाही, भिंग घेऊन बसून राहिलो.

एकच वाईट आहे. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत कुणा गाढवाने ठशावर खोल आडवी रेघ मारून ठेवली आहे. शेवटाला तर हात सटकलेला दिसतो, रेघ वाकडी होऊन बाकड्यात घुसली आहे. इतक्या कामाची अशी माती केलेली मला बघवत नाही.

तुझ्या चित्रांचं हळूहळू चाललं आहे.

बाबा


शारजा
शुक्रवार, ८ डिसेंबर २०००

समू,

रमजान चालू आहे, दुपारी दुकान बंद असतं. मी आत शटर ओढून काम करतो. गनीभाईंनी एकदा डोकावून बघितलं आणि म्हणाले, "केरूभाय, मॅडम का काम है, अच्छा करो. लेकिन ज्यादा कारागिरी मत करो, हां!" मी म्हटलं, तुम्ही तुमचा उपास करा.

स्टँड दोन दिवसांत झाला. मग मी ठसा दुरुस्त करायला घेतला. तसलंच लाकूड इथे कुठे मिळणार? अजीज म्हणून एक म्हातारा पठाण सुतार आहे, त्याच्याकडे घडीची जुनी फूटपट्टी होती, ती नेमकी त्याच लाकडाची निघाली. त्याने ती नुसतीच देऊन टाकली, वर विचारलं, "किसका जनाजा उठा रहे हो, इतना मुँह लटका के?" मी त्या रेघेच्या दोन्ही कडा सरळ कापून चर केला, त्यात पट्टीतली पातळ काप बसवली, सरस लावला, दगडावर घासून सपाट केलं. मग तुटलेल्या रेघा एकेक करून जोडल्या. बाकडं, काटा, खिडकीची चौकट. बर्फातल्या चार बारीक रेघांना मला नऊ दिवस लागले. काल शाई लावून कागदावर उठवून बघितलं. कुठे रेघ होती, हे मलाच शोधावं लागलं!

मी एकावन्न वर्षांचा आहे, डाव्या डोळ्यात आता पाणी येतं, आणि हे मी केलं. तुला दाखवावंसं फार वाटलं. चित्रातलं कळणारं घरात तुझ्याशिवाय आहे कोण?

बाईला यातलं काही माहीत नाही. ती डिसेंबरभर तिच्या देशात आहे. आल्यावर चकित होईल.

तुझी चित्रंही होतील. सात झाली.

बाबा


शारजा
शुक्रवार, १२ जानेवारी २००१

समू,

सोमवारी ती आली. मी ठसा स्टँडवर उभा करून काउंटरवर ठेवला होता, खाली मखमलीचा तुकडासुद्धा घातला होता. तिने आधी स्टँड बघितला, "लव्हली" म्हणाली. मग ठशावरून बोट फिरवलं. परत फिरवलं. चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"मिस्टर केरू, व्हेअर इज द लाइन?"

मी छाती फुगवून म्हटलं, "रिपेअर, मॅडम. नो चार्ज."

ती गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. मग जे सांगितलं ते तिने सावकाश, मला कळेल अशा सोप्या इंग्रजीत सांगितलं. तिकडे ठशावरून ठरलेल्या प्रती छापून झाल्या की कोरणारा आपल्याच हाताने ठशावर आडवी रेघ मारतो. विकत घेणाऱ्यांना दिलेला तो शब्द असतो, याच्या आणखी प्रती आता निघणार नाहीत. तिचे वडील लढाईवर जायच्या आदल्या दिवशी घरी होते. राहिलेल्या ठशांवर त्यांनी रेघा मारल्या. ही आठ वर्षांची, टेबलाशी उभी. शेवटच्या ठशाला त्यांनी कोरणी तिच्या हातात दिली आणि वरून आपला हात धरला.

"द लास्ट बिट वेंट क्रुकेड," ती म्हणाली. "ही लेट गो, यू सी. दॅट वॉज जस्ट मी."

ते लढाईतून परत आले नाहीत. त्यांचं जहाज बुडालं, त्यातून काहीच मिळालं नाही. ते चित्र तिच्याकडे छापील आहे, पुस्तकात आहे, संग्रहालयात आहे. रेघ तेवढी एकाच ठिकाणी होती.

मी म्हटलं, "मॅडम, आय विल रिमूव्ह. सेम टु सेम." बोलतानाच मला कळत होतं की मी खोटं बोलतो आहे. चर करताना रेघेच्या दोन्ही कडा मी कापून टाकल्या होत्या. त्या भुशात गेल्या, आणि भुसा मी फुंकर मारून उडवला होता. तिला ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. "नो, प्लीज. डोन्ट टच इट," म्हणाली. मग ठसा रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला, स्टँड काखेत घेतला आणि दारातून वळून म्हणाली, "इट्स ब्युटिफुल वर्क, मिस्टर केरू."

तिने मला शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

ती गेल्यावर गनीभाई म्हणाले, "मॅडम ने बोला था ना?" हो, म्हणाली होती. ठसा देताना, बोट उगारून. "जस्ट अ स्टँड. नथिंग एल्स." मी तुला ते लिहिलं नाही. मला वाटलं, बायका असं म्हणतातच, काम बघितलं की खूष होतात.

मला रोज आठ वर्षांची मुलगी दिसते. मी रेघ मारणाऱ्याला गाढव म्हटलं होतं.

बाबा


शारजा
शुक्रवार, १६ फेब्रुवारी २००१

समू,

आज प्रदर्शन बघून आलो. तिने बोलावलं नव्हतं. ती नसेल अशा वेळी गेलो.

माझा स्टँड होता. त्यावर ठसा नव्हता, एक जुनं पुस्तक उघडून ठेवलं होतं. कपबश्या होत्या, काठाला निळ्या दोऱ्या आणि गाठी काढलेल्या. एक पाण्याच्या रंगातलं चित्र होतं, टेकडी आणि तारेचं कुंपण. टेकडीचा अर्धा भाग म्हणजे नुसता कागद, त्याला कुंचलाच लागलेला नाही. आणि तिथेच सगळं ऊन पडलं होतं.

मी त्या कोऱ्या जागेसमोर उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, एवढं सगळं होऊनही माझा हात शिवशिवत होता. तिथे दोन-चार गवताच्या काड्या हव्यात, असं मनात येतच राहिलं. मग मी बाहेर येऊन बसस्टॉपवर बसलो.

आई म्हणाली, पत्रिका छापायला दिल्या. माझी चित्रं कधी येणार म्हणून तू विचारलंस, असंही म्हणाली. तू स्वतः विचारलंस हे ऐकून मला आधी आनंद झाला.

बाबा


शारजा
शुक्रवार, २३ मार्च २००१

समिधा,

हे पत्र तू स्वतः फोड, आईला देऊ नको.

तुझी पेन्सिल खाली नाही.

शाई वाळली की पेन्सिल पुसायची, ही आपल्या कामाची पद्धत आहे. त्या दिवशी मी अकराही कागद रबराने स्वच्छ पुसले. चुरा टेबलावरून खाली झाडला आणि तुझ्या आईने तो केरात भरला. हे मला पहिल्या पत्रापासून माहीत होतं. तरी लिहिलं, पेन्सिल खाली आहे. सात झाली, असंही लिहिलं. एकही झालं नव्हतं.

अगदीच आशा नव्हती असं नाही. मला वाटलं, पेन्सिलीचा दाब तरी कागदात राहिला असेल. तिरप्या उजेडात भिंगाखाली दिसला, तर त्यावरून पेन्सिल परत फिरवता येईल. मी पात्याने शाई खरवडली. खाली कागदाचा भुगा निघाला, दोन ठिकाणी भोक पडलं. दाब कुठेच नव्हता. तुझा हात हलका होता. लहानपणी मी तुला त्यावरून टोकायचो, "जोर नाही का मनगटात?" म्हणून.

यानंतर मी जे केलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. दुबईला करामा बाजारात जाऊन तसाच कागद आणला. अकराही चित्रं नव्याने काढायची, तुझ्या हातासारखी, हलकी, अर्धी अर्धी, आणि हीच ती म्हणून तुझ्या हातात द्यायची. मला नक्कल येते. तू कदाचित फसलीही असतीस. मांडवात मी तुझ्या शेजारी उभा राहिलो असतो, तू वाकून नमस्कार केला असतास, आणि मी आशीर्वाद दिला असता. महिनाभर मी हेच मनात घोळवत होतो.

पहिलं घेतलं ते मागच्या दारातल्या आईचं. पेन्सिल टेकवली आणि हात थांबला. दार निम्मं होतं, पण कुठपर्यंत? उंबऱ्यापर्यंत, की कडीपर्यंत? तिच्या मांडीत काही होतं का? गाईचा कुठला पाय तू काढला नव्हतास? मी तीन शुक्रवार कागदासमोर बसलो. मला माझ्याच रेघा आठवतात. दाराला मी घातलेल्या फळ्या आठवतात, रहाटाला मी ओढलेला दोर आठवतो. तुझं एकही चित्र मला आठवत नाही. त्या दिवशी कागदावर काय आहे ते मी बघितलंच नव्हतं. काय नाही, तेवढंच बघितलं.

तू चित्रं होती तशी मागितलीस. ती जगात कुठेच नाहीत, आणि ती परत आणता येईल असा माणूस मी नाही. खरवडलेले कागद पाठवत नाही, तुझ्याच्याने बघवणार नाहीत.

मी लग्नाला येत नाही. कन्यादानाला मामा-मामींना बसव. आई माझ्या बाजूने भांडेल, तिला भांडू देऊ नको. सांग, बाबांना रजा मिळाली नाही. गावात कुणी विचारलं तरी हेच सांग. एवढं खोटं माझ्यासाठी तू बोलावंस असं म्हणायचा हक्क मला नाही, पण ते तुझ्याही सोयीचं आहे.

चितारी म्हणून मी आयुष्यभर मिरवलं. आणि त्या अकरांतल्या एका चित्रात, दारात बसलेल्या बाईला, माझ्या बायकोला, तू चेहरा काढला होतास की तीही जागा कोरी ठेवली होतीस, एवढंसुद्धा मला सांगता येत नाही.

केरू